आजीचा जन्म गोव्याचा, पासपोर्ट कुठला? वंशाधारे नागरिकत्वाबद्दल वाचकांचे प्रश्न

परदेशी नागरिकत्वाविषयी आलेली बहुतेक पत्रं गोवा आणि सिंधुदुर्गातली आहेत आणि ती पोर्तुगीज पासपोर्टबद्दल आहेत. एक पत्र पुण्याहून इटलीबद्दल आलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून, नावं वगळून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी आजी, म्हणजे आईची आई, पेडण्याची. जन्म १९३४ चा. १९५६ साली लग्न होऊन ती वेंगुर्ल्याला आली. आईचा जन्म वेंगुर्ल्यात १९५८ चा, माझा १९८६ चा. आजी आणि आई दोघी हयात आहेत. एजंट म्हणतो की आजीचा जन्मदाखला मिळाला की सहा महिन्यांत माझं काम होईल, शिवाय भारतीय पासपोर्टही ठेवता येईल. हे खरं आहे का? — वाचक, वेंगुर्ले

उत्तर: भारतीय पासपोर्ट ठेवता येणार नाही, हे आधी स्पष्ट करतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी कुणी आदेश काढावा लागत नाही. दुहेरी नागरिकत्व भारतात नाहीच. 'दोन्ही पासपोर्ट ठेवा, कुणाला कळत नाही' असं सांगणारा एजंट तुम्हाला गुन्हा करायला सांगतो आहे.

आता आजीच्या दाखल्याला एवढी किंमत का, ते पाहू. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानलं. जुनं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल तर एक महिन्याच्या आत लेखी कळवायचं होतं. तसं कळवणारे थोडेच. म्हणजे गोवेकर भारतीय झाले ते सरकारी आदेशाने, अर्ज करून नव्हे. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. तोवर त्यांच्या लेखी गोवा पोर्तुगालचाच भाग होता, आणि तिथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना राष्ट्रीयत्वावर दावा सांगण्याची वाट त्यांनी पुढेही उघडी ठेवली. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या अपत्यालाही, आई किंवा वडील पोर्तुगीज असतील तर, लिस्बनमध्ये जन्मनोंद करून राष्ट्रीयत्व घेता येतं.

पण हे पिढी ओलांडून होत नाही. क्रम असा: आधी आजीची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवायची, मग तिच्या लग्नाची. त्या नोंदींचे क्रमांक हातात आले की आईचा अर्ज. आई नोंदली गेली की तिच्या लग्नाची नोंद, आणि शेवटी तुमचा अर्ज. आधीच्या पायरीचा क्रमांक पुढच्या अर्जात लिहावा लागतो, म्हणून सगळे कागद एकदम देऊन वेळ वाचत नाही. लिस्बनमध्ये अर्जांचा ढीग साचलेला असतो. तुमची साखळी तीन पिढ्यांची आहे, तेव्हा काही वर्षं जातील असं धरून चाला. सहा महिने ही थाप आहे.

तुमच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे आणि ती पहिल्याच भेटीत वकिलापुढे ठेवायला हवी. आजीचं लग्न झालं तेव्हाच्या पोर्तुगीज नियमांत परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचं राष्ट्रीयत्व जाऊ शकत असे. पुढे १९५९ च्या कायद्यात असं होतं की लग्नामुळे नवऱ्याचं राष्ट्रीयत्व मिळत नसेल तर तिचं स्वतःचं जात नाही. भारतीय कायद्यात लग्नामुळे नागरिकत्व आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आजीने असा अर्ज कधी केला होता का, हे घरातल्या जुन्या कागदांत पाहा. लग्नामुळे गेलेलं राष्ट्रीयत्व परत मागण्याची सोय १९८१ च्या कायद्यात आहे, पण ते मागायला ती बाई स्वतः हवी. आजी हयात आहे तोवर हे काम पुढे ढकलू नका.

आईकडून जाणारी साखळी मात्र एका अर्थी सोपी आहे. वडिलांकडून दावा करायचा तर आई-वडिलांचं लग्न जन्माआधी झालेलं दाखवावं लागतं, किंवा जन्म कळवणारे वडील स्वतः असावे लागतात. आईकडून दावा असेल तर लहानपणीच झालेल्या जन्मनोंदीत आईचं नाव असलं की मातृत्व सिद्ध होतं. म्हणून आईच्या १९५८ च्या नोंदीत आजीचं नाव आहे का, ते सगळ्यात आधी पाहा. त्या काळच्या कित्येक नोंदींत बाळाच्या बापाचं नाव असतं, आईच्या नावाचा रकाना कोरा असतो.

प्रश्न: पणजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत आडनाव 'पोरोबो' आहे, आजोबांच्या नोंदीत 'पोरोबो देसाय', वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'प्रभुदेसाई' आणि माझ्या आधारवर फक्त 'देसाई'. प्रतिज्ञापत्र करून चालेल का? — वाचक, मडगाव

उत्तर: नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. सगळ्यात जास्त अर्ज नावातल्या फरकावरच अडकतात आणि शंभराच्या स्टँपपेपरवर 'ही एकच व्यक्ती' असं लिहून आणणं हा त्यावर इलाज नाही. लिस्बनचा अधिकारी नोंदवहीला मानतो, तुमच्या जबानीला नाही.

फरक दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे काढले की अर्धं काम होतं. पहिला फक्त लिपीचा. पोर्तुगीज कारकुनाने प्रभूचं पोरोबो, शेणईचं सिनाय, कामतचं कामोतीं केलं. त्या काळात सगळ्या गोव्यात असंच लिहिलं जाई आणि कॉन्सुलेटच्या माणसांना ते नवं नाही. आई-वडिलांची नावं, गाव आणि जन्मतारीख जुळत असेल तर असा फरक बहुधा पचतो. दुसरा प्रकार खऱ्या बदलाचा: 'पोरोबो देसाय' मधलं अर्धं आडनाव गळालं, मधलं नाव बदललं, किंवा बाईचं लग्नानंतर संपूर्ण नाव बदललं. हा कागदोपत्री दाखवावा लागतो. गोव्यात नाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे अर्ज करून बदल जन्मनोंदीच्या समासात चढवून घेतला की नव्या दाखल्यावर जुनं आणि नवं दोन्ही दिसतं. लिस्बनला तोच कागद पटतो.

दाखला मागताना काउंटरवर नीट सांगा. छापील तक्ता भरून मिळतो तो छोटा दाखला पुरत नाही. हवा तो 'तेओर', म्हणजे मूळ नोंद शब्दशः उतरवलेला दाखला. त्यात आई-वडिलांसोबत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं, जन्म कळवणाऱ्याचं नाव आणि समासातले शेरे येतात. जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, त्यामानाने अलीकडच्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर शोध लांबतो. अशा वेळी धाकट्या किंवा थोरल्या भावंडाची नोंद सापडते का पाहा. आजी-आजोबांची नावं तीच असल्याने घर बरोबर असल्याची खात्री पटते आणि शोधायच्या वर्षांचा पल्लाही कमी होतो.

सुधारायचं असेल तर वरच्या पिढीपासून खाली या. आधी स्वतःचं आधार दुरुस्त करून आलेल्या माणसाला पुढे आजोबांच्या नोंदीप्रमाणे ते पुन्हा बदलावं लागतं.

प्रश्न: माझा जन्म दोडामार्ग तालुक्यातल्या खेड्यात झाला, नोंद झाली नव्हती. आता वय ४५. तहसीलमधून उशिराची नोंद करून घेतली तर चालेल? वडील जन्माने डिचोलीचे. — वाचक, सावंतवाडी

उत्तर: भारतात तो दाखला पूर्ण वैध असेल. पोर्तुगालसाठी मात्र बहुतेक वेळा निरुपयोगी. राष्ट्रीयत्वासाठी आई-बापाशी नातं अपत्य सज्ञान व्हायच्या आधी सिद्ध झालेलं लागतं, हे त्यांच्या कायद्याचं कलम १४. पंचेचाळिसाव्या वर्षी केलेली नोंद त्या कसोटीला उतरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला जन्मनोंदीची जागा घेऊ शकत नाही.

हात टेकण्याआधी एक शोध मात्र घ्याच. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहायला मागा. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिले जात. घरच्यांना नोंद झाली नाही असं वाटत असतं आणि कोतवालाने ती करून ठेवलेली असते. मुलाचं नाव नसतं, 'अमक्याला मुलगा' एवढंच असतं, पण तारीख आणि बापाचं नाव असतं. अशी नोंद सापडली तर तिची प्रमाणित प्रत घ्या. तिच्या आधारे काय करता येईल ते पोर्तुगीज वकील सांगेल.

प्रश्न: बहिणीची जन्मनोंद लिस्बनला होऊन बरीच वर्षं झाली. तिने पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतला नाही, इथेच असते, मतदानही करते. पासपोर्ट घेतला नाही म्हणजे ती भारतीयच ना? — वाचक, फोंडा

उत्तर: पासपोर्ट घेतला असता तर प्रश्नच उरला नसता. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे परदेशी पासपोर्ट मिळवणं हा त्या देशाचं नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे. नुसत्या जन्मनोंदीचा मामला वादाचा आहे. गोव्यात कित्येक जण म्हणतात की पोर्तुगीज कायद्याने आम्ही जन्मापासूनच पोर्तुगीज होतो, नोंद फक्त नंतर झाली, मग आम्ही काही 'घेतलं' असं कसं म्हणता? पोर्तुगीज कायद्यापुरतं ते बरोबर आहे, अपत्याला दिलेलं राष्ट्रीयत्व जन्मापासून लागू होतं. पण भारतीय कायदा पाहतो ते तुम्ही स्वतःहून केलेलं कृत्य. लिस्बनचा अर्ज तिने सही करून दिला की दुसऱ्या कुणी परस्पर केला, ही तिथे कळीची गोष्ट ठरते. नागरिकत्व गेलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकारला आहे. पंचायतीतला सचिव, पोलीस ठाणं किंवा मतदार नोंदणी अधिकारी हा निर्णय देऊ शकत नाही, आणि एजंट तर नाहीच.

म्हणून बहिणीने नागरिकत्वाच्या कामातला वकील गाठून अर्जाची प्रत, सहीची तारीख आणि लिस्बनच्या नोंदीचा उतारा त्याला दाखवावा. स्थिती स्पष्ट होईपर्यंत नव्या पासपोर्टसाठी किंवा मतदार यादीसाठी 'मी भारतीय नागरिक आहे' असं कुठलंही नवं घोषणापत्र भरू नये. मतदार यादीसाठी खोटं निवेदन देणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नागरिकत्व गेल्याचं ठरलं, तर नमुना ७ भरून यादीतून नाव कमी करून घ्यावं.

आणि जे अजून विचारच करत आहेत त्यांना कळकळीने सांगायचं आहे: 'आधी नोंद करून ठेवू, पासपोर्टचं नंतर बघू' असं करू नका. लिस्बनचा अर्ज ही विम्याची पावती नव्हे. सही करण्याआधीच निर्णय पक्का झालेला असू द्या.

प्रश्न: नवऱ्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. भारतीय पासपोर्ट जमा करायला गेला तर तो 'सरेंडर' म्हणून न घेता रद्द केला. आता ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल का? बार्देशातली वडिलोपार्जित शेतजमीन जाईल का? मी भारतीय आहे, आमचं मूल गेल्या वर्षी गोव्यात जन्मलं. — वाचक, म्हापसा

उत्तर: ओसीआयचा अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०२२ च्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेनंतर, परदेशी नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट वापरल्याच्या कारणावरून गोव्यातल्या अनेकांचे पासपोर्ट असे रद्द झाले. पासपोर्ट स्वतःहून परत केल्याचं, म्हणजे सरेंडर प्रमाणपत्र नाही म्हणून ओसीआयचे अर्ज अडून बसले. एप्रिल २०२४ मध्ये पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांसाठी सरेंडर प्रमाणपत्राऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्र स्वीकारायची सोय जाहीर झाली. तेव्हा पासपोर्ट कार्यालयाकडून ते प्रमाणपत्र लेखी घ्या. तोंडी 'रद्द झाला' याला अर्थ नाही. भारतात अर्जाची फी १५,००० रुपये आहे.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, दीर्घकाळचा व्हिसा म्हणा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली किंवा नागरिक असताना नावावर असलेली शेतजमीन मात्र ठेवता येते. ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. जमीन 'जाईल' ही भीती नको. पण वाटणी किंवा खरेदीखत व्हायचं असेल तर स्थिती न लपवता करा. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक मानतात आणि विक्रीला दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे त्याच्या नागरिकत्वाची नोंद चुकीची गेली तर तुमचाही कागद सदोष ठरतो.

मूल भारतीय आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील यांच्यापैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा राहणारा नसेल, तर मूल जन्माने भारतीय. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर घाईघाईने लिस्बनला त्याची नोंद करू नका. अल्पवयीनाला शुल्क लागत नाही म्हणून लोक 'करून टाकू' म्हणतात, आणि मग शाळेत जायच्या वयाच्या मुलाचा भारतीय पासपोर्ट अडचणीत येतो.

प्रश्न: पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला की इंग्लंडमध्ये नोकरी करता येते ना? — वाचक, डोंबिवली

उत्तर: आता नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्यांसाठीच्या योजनेचीही मुख्य मुदत ३० जून २०२१ ला उलटली. स्विंडन, साऊथॉलमधल्या गोवेकरांच्या गोष्टी ऐकून अर्ज करणारे अजून भेटतात. आज त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरी करायची तर इतर परदेशी माणसाप्रमाणे वर्क व्हिसाच लागेल. आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स ही दारं खुली आहेत, पण तिथली भाषा आणि तुमच्या शिक्षणाची मान्यता हे प्रश्न पासपोर्टने सुटत नाहीत.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व भारतीय. जावई अमेरिकन. त्याचे पणजोबा १८९३ साली इटलीत कालाब्रियात जन्मले, १९१३ ला अमेरिकेत आले आणि १९२८ ला अमेरिकन नागरिक झाले. जावयाचे आजोबा १९२१ ला न्यू जर्सीत जन्मले. इटलीत पिढ्यांची अट नाही असं ऐकलं होतं. जावई, मुलगी आणि नातू यांना इटालियन नागरिकत्व मिळेल का? — वाचक, पुणे

उत्तर: पिढ्यांची अट नाही हे २७ मार्च २०२५ पर्यंत खरं होतं. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या सरकारने अध्यादेश काढला आणि मे २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला, २०२५ चा ७४ क्रमांकाचा. परदेशात जन्मलेला आणि दुसरं नागरिकत्व असलेला माणूस आता वंशाने इटालियन मानला जात नाही. अपवाद मोजके. आई, वडील, आजी किंवा आजोबा यांच्यापैकी कुणाकडे फक्त इटालियनच नागरिकत्व आहे, किंवा मृत्यूसमयी होतं. किंवा आई-वडिलांपैकी एकाने इटालियन नागरिक झाल्यावर आणि मूल होण्याआधी सलग दोन वर्षं इटलीत वास्तव्य केलं. किंवा २७ मार्च २०२५ च्या रात्री ११:५९ पर्यंत, रोमच्या वेळेप्रमाणे, पूर्ण कागदांसह अर्ज वा दावा दाखल झाला होता, अथवा कॉन्सुलेटने तोवर भेटीची तारीख कळवली होती.

जावयाचा या साखळीतून दावा बसत नाही. पणजोबा तिसऱ्या पिढीवर गेले. आजोबा दुसऱ्या पिढीत आहेत, पण जन्मानेच अमेरिकन, म्हणजे 'फक्त इटालियन' कधीच नव्हते. शिवाय ही साखळी जुन्या नियमांतही लंगडी होती: पणजोबांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते, आणि ३ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकापासून, बापाने मूल अल्पवयीन असताना दुसरं नागरिकत्व घेतलं तर मुलाचंही इटालियन नागरिकत्व गेलं असं कॉन्सुलेट मानू लागले.

तरी जावयाचा वंशवृक्ष पुरता उलगडून पाहा. लोक आडनावाच्या बाजूनेच शोधत राहतात आणि आईची बाजू बघतच नाहीत. समजा जावयाच्या आईची आई इटलीत जन्मली आणि अमेरिकेत राहूनही शेवटपर्यंत इटालियन पासपोर्टवरच राहिली, तर दार उघडतं. तिने नागरिकत्व घेतलं नव्हतं हे सिद्ध करायला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं 'नोंद सापडत नाही' असं प्रमाणपत्र लागतं. त्यात तिच्या नावाचे सगळे प्रकार लिहून मागायचे, जोझेपिना आणि जोसेफिन दोन्ही, आणि जन्मतारखाही जितक्या कागदांवर वेगळ्या आहेत तितक्या सगळ्या. एक नाव सुटलं तर कॉन्सुलेट पुन्हा मागवतं. तिचा जन्मदाखला तिच्या गावच्या कोमूनेकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, मागवावा लागेल. अमेरिकेतले जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद मान्य होण्यासाठीचा सरकारी शिक्का, आणि इटालियन भाषांतरासह. अर्जाची फी सज्ञान व्यक्तीमागे ६०० युरो, अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. बाईकडून साखळी असेल आणि तिचं अपत्य १ जानेवारी १९४८ पूर्वी जन्मलं असेल तर कॉन्सुलेट अर्ज घेत नाही, इटलीतल्या न्यायालयात जावं लागतं.

आणखी एक वाट राहते ती खरोखर तिथे जाऊन राहणाऱ्याची. ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा जन्माने इटालियन नागरिक आहेत किंवा होते, त्याला इटलीत दोन वर्षं कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जावयाचे आजोबा १९२८ पर्यंत इटालियन होते असं दाखवता आलं तर ही वाट त्याच्यासाठी आहे.

मुलीचा प्रश्न वेगळा. जावई इटालियन झाला तर लग्नाच्या नात्याने ती अर्ज करू शकते: इटलीबाहेर राहत असल्यास तीन वर्षांनी, मूल असल्याने दीड वर्षाने. इटालियन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा आणि २५० युरो फी. पण ती भारतीय नागरिक आहे आणि हे नागरिकत्व मिळालं त्या दिवशी तिचं भारतीयत्व संपेल. जावई आणि नातू यांना ही अडचण नाही, कारण अमेरिकेला दुहेरी नागरिकत्व चालतं. नातवाला आईच्या नात्याने ओसीआय मिळतं, त्यावर इटलीचा परिणाम होत नाही.

प्रश्न: एजंटला पैसे देण्याआधी काय तपासावं? बायकोचंही होईल असं तो म्हणतो. — वाचक, कुडाळ

उत्तर: बायकोचं आपोआप होत नाही. पोर्तुगीज नागरिकाशी लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तिला स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्याआधी तुमचं लग्न पोर्तुगालमध्ये नोंदलेलं हवं. तिला पोलीस पडताळणी प्रमाणपत्रही लागेल, ते अर्ज द्यायच्या सुमारास काढा. आधी काढून ठेवलं तर शिळं होतं.

नातवंडाने थेट आजी-आजोबांवरून अर्ज करण्याचं कलमही पोर्तुगीज कायद्यात आहे, पण त्याला पोर्तुगीज भाषेचं ज्ञान दाखवावं लागतं. मधली पिढी हयात असेल तर आधी तिची नोंद करणं सोपं पडतं. ती नोंद न करताच वारली तर मात्र भाषेच्या परीक्षेची तयारी ठेवा. 'भाषेची गरज नाही, मी बघतो' म्हणणाऱ्याला कुठल्या कलमाखाली अर्ज करणार, ते लिहून द्यायला सांगा.

मूळ 'तेओर' आणि लग्नाचे दाखले एजंटच्या ताब्यात देऊन मोकळे होऊ नका, स्वतः जाऊन काढा. रांगेत एक दिवस जातो, पण नोंद खरी असल्याची खात्री पटते. गोव्यात न जन्मलेल्याला गोव्याचा दाखला 'तयार करून' देणारे आहेत. अशा नोंदी उघडकीला आल्या की पोर्तुगालचं नागरिकत्व रद्द होतं, खटला भरला जातो, आणि भारतीय नागरिकत्व तर आधीच गेलेलं असतं. महाराष्ट्रातल्या दाखल्यांना मंत्रालयातून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील घ्या. अपोस्टीलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, वर सेवा केंद्राचा आकार. मराठी दाखल्याचं पोर्तुगीज भाषांतर प्रमाणित असावं लागतं. सज्ञान अपत्याच्या अर्जाचं पोर्तुगीज शुल्क १७५ युरो आहे. एजंटच्या लाखांच्या आकड्यात सरकारी फी किती आणि त्याची स्वतःची किती, हे वेगळं मांडून मागा.

अर्ज दाखल झाल्यावर लिस्बनचा प्रक्रिया क्रमांक आणि ऑनलाइन पाहण्याचा संकेतांक तुमच्या नावे मिळाला पाहिजे. तो दिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. आणि कागद पाठवायच्या आठवड्यात पणजीच्या कॉन्सुलेटकडून चालू नियम विचारून घ्या. राष्ट्रीयत्वाचा कायदा कडक करण्याचं काम पोर्तुगालच्या संसदेने २०२५ मध्ये हाती घेतलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी अडवल्या. जुनी यादी घेऊन गेलात तर कागद परत येतील.